रकान्यात कोणाचे नाव?

मुंबईच्या जुन्या वस्त्यांमध्ये सध्या पाहण्यांचा हंगाम आहे. कामाठीपुऱ्याच्या सुमारे ३४ एकरांवर म्हाडामार्फत सामूहिक पुनर्विकास व्हायचा आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही लहान गोष्ट नाही. जिचे आयुष्य सामायिक संडासाच्या रांगेत आणि नळावरच्या भांडणात गेले, तिला जुन्या चाळीचे गोडवे ऐकवायला आपण जाऊ नये.

या वस्त्यांमध्ये बिल्डर आणि अधिकारी यांच्या आगेमागे आणखी एक पाहुणा येत असतो. समाजकार्य, वास्तुकला, नगररचना शिकवणारी महाविद्यालये आणि विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाठवतात. कोणी जिन्याचे कठडे आणि लाकडी कोरीवकाम मोजते, कोणी दारोदार फॉर्म भरून घेते, कोणी आजीबाईंच्या आठवणी रेकॉर्ड करते. अलीकडे याला 'विद्यापीठ आणि वस्ती यांची भागीदारी' म्हणतात. खंगत चाललेल्या ऐतिहासिक वस्तीला विद्यापीठाच्या ज्ञानाने नवसंजीवनी द्यायची, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. पण भागीदारी म्हटली की दोन्ही बाजूंनी काय घातले आणि काय घेतले याचा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेब आपण बायकांच्या बाजूने मांडून पाहू या.

सुरुवात करायला नागपाड्याइतकी योग्य जागा नाही, कारण आपल्या देशातले समाजकार्याचे शिक्षण तिथेच जन्मले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे शिकागोत शिकलेले अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते. त्यांनी १९२०च्या दशकात 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केले. कामाठीपुऱ्याला खेटून असलेल्या या दाट कामगार वस्तीत राहायचे आणि शेजाऱ्यांबरोबर काम करायचे, ही त्यामागची कल्पना. त्या कामातूनच १९३६ मध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' निघाले. म्हणजे वस्ती आधी आणि शाळा नंतर. आज याच संस्थेला आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. १९५४ मध्ये ती देवनारच्या प्रशस्त आवारात गेली. संस्था वाढली, नावारूपाला आली, हजारो कार्यकर्ते घडले. नागपाडा मात्र होता तिथेच राहिला. आता विद्यार्थी तिथे जातात ते ठरलेल्या दिवशी, क्षेत्रकार्यासाठी. पूर्वी शाळेचा पत्ताच वस्तीत होता, आता वस्ती अभ्यासक्रमातला एक भाग आहे. जागा अपुरी पडली की संस्था हलणारच, त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पण या अंतरामुळे नाते कसे बदलते, ते ध्यानात घ्यायला हवे.

मॅनशार्ट यांच्यासमोर जो नमुना होता, त्या नमुन्याचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत 'हल हाऊस' काढले. तिथे राहणाऱ्या बायकांनी शेजारची घरे पालथी घातली. कोण कुठून आले आहे, कुटुंबाची कमाई किती, हे घराघराच्या नकाशावर मांडले. १८९५ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. फ्लोरेन्स केली ही त्यांतलीच एक. घरोघरी शिवणकाम करणाऱ्या बायका आणि मुले कोणत्या हालात राबतात, हे तिने उघड केले. त्या लढ्यातून १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात कारखान्यांचा कायदा झाला आणि केली राज्याची पहिली मुख्य कारखाना निरीक्षक झाली. पाहणी कशासाठी असते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. माहिती शेजारणींची, ती मांडणाऱ्या बायका तिथेच राहणाऱ्या आणि फळ शेजारणींच्या पदरात.

त्याच वस्तीवर सत्तर वर्षांनी एक विद्यापीठ चालून आले. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे बैठका घेऊन आपल्या वस्तीच्या सुधारणेचे नियोजन चालवले होते. जुनी घरे दुरुस्त होतील, नवी बांधली जातील, असे त्यांना सांगण्यात आले होते. १९६१ मध्ये महापौर रिचर्ड डेली यांनी तीच जागा इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी निवडली. फ्लोरेन्स स्काला नावाची एका इटालियन शिंप्याची मुलगी बायकांना घेऊन रस्त्यावर उतरली. ती लहानपणापासून हल हाऊसच्या अंगणात वाढलेली. या गृहिणींनी मोर्चे काढले, महापौरांच्या कार्यालयात ठिय्या दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली. १९६३ मध्ये त्या हरल्या. हल हाऊसच्या विश्वस्तांनी अखेर जागा देऊन टाकली. तिथे पन्नासहून अधिक वर्षे राहिलेली जेसी बिनफर्ड ही वृद्ध कार्यकर्ती मात्र शेवटपर्यंत स्कालाच्या बाजूने उभी राहिली. हजारो माणसे उठली. १९६५ मध्ये आवार सुरू झाले. हल हाऊसच्या इमारतींपैकी दोन राखल्या आणि त्यांचे संग्रहालय केले.

गरीब बायकांनी आपल्या जगण्याची माहिती दिली, नियोजनाच्या बैठकांना हजेरी लावली आणि शेवटी वस्ती गेली, तिची आठवण तेवढी काचेच्या कपाटात राहिली. हे परदेशात घडले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. वस्तीचे 'पुनरुज्जीवन' आणि वस्तीतल्या माणसांचे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधते आणि दुसरी साधत नाही, असे सर्रास होते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या वस्तीवर एकदम बुलडोझर येत नाही, आधी यादी येते. पात्र कोण, अपात्र कोण, हे यादी ठरवते. झोपडपट्टीत ती परिशिष्ट दोन म्हणून येते, उपकरप्राप्त इमारतीत भाडेकरूंची प्रमाणित यादी म्हणून येते. यादीत जायचे तर कागद लागतो आणि जुन्या चाळींमध्ये कागद म्हणजे भाडेपावती. पावती सासऱ्याच्या नावावर, नंतर मोठ्या दिराच्या नावावर, नाहीतर नवऱ्याच्या. खोलीत चाळीस वर्षे राबलेली बाई कागदावर सहसा सापडत नाही.

इथेच महाविद्यालयाच्या फॉर्मला महत्त्व येते. फॉर्ममध्ये पहिला रकाना असतो 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. विद्यार्थी विचारतो, घरातून पुरुषाचे नाव सांगितले जाते, तो लिहून घेतो. पुढचा रकाना व्यवसायाचा. बाईपुढे 'गृहिणी' लिहिले जाते. झाले. शंभर वर्षांच्या वस्तीतली अर्धी माणसे दोन शब्दांत निकालात निघाली.

गिरणगावात मी काम करत असताना अशाच एका पाहणीचे फॉर्म पाहिले. एका मावशींच्या खोलीचा फॉर्म होता. १९८२च्या संपात नवऱ्याची नोकरी गेली, पुढे तो खचून वारला. त्या दिवसापासून मावशी डबे करतात, एके काळी वीस-बावीस, आता गुडघ्यांमुळे आठ-दहा. पावती दिराच्या नावावर आहे आणि दीर विरारला राहतो. फॉर्मवर कुटुंबप्रमुख म्हणून दिराचे नाव होते, मावशींच्या पुढे 'विधवा, गृहिणी' एवढेच. अहवाल इंग्रजीत निघाला. त्यात चाळीच्या गॅलरीबद्दल, सणांबद्दल, एकोप्याबद्दल फार सुंदर लिहिले होते. मी मावशींना तो वाचून दाखवला. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे गं बाई, पण खोली कुणाची ते लिहिलंय का?"

मावशींचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही बिनतोड आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरू शकतो. तिथे राहत कोण होते, हा कळीचा मुद्दा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. म्हणजे 'ही बाई या खोलीत अमुक वर्षे राहते आणि अमुक काम करून घर चालवते' एवढी साधी नोंद तटस्थ संस्थेने तारखेसह केली, तर तिला उद्याच्या भांडणात आधार मिळेल. ज्या अहवालात एकोपा आहे आणि ही नोंद नाही, तो मावशींच्या उपयोगाचा नाही.

खानावळवाल्या बायकांचे उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण त्या मोजल्या गेल्या की काय होते हे गिरणगावाने एकदा पाहिले आहे. गिरणी कामगारांची एक मोठी फौज या बायकांच्या चुलीवर जगत होती, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नसे आणि कर्ज द्यायला सावकाराशिवाय कोणी नव्हते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांना उघडून दिले. खानावळ चालवणे हा व्यवसाय आहे, असे बँकेच्या कागदावर लिहिले गेले तेव्हाच कर्ज मिळाले. चुली त्याच होत्या, बायका त्याच होत्या. व्यवसायाचा रकाना तेवढा बदलला होता.

कामाठीपुऱ्याचा प्रश्न आणखी बिकट आहे. तेलंगणातून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेल्या कामाठ्यांनी ही वस्ती वसवली आणि त्यांच्या नावावरून तिचे नाव पडले. शहर उभारणाऱ्या मजुरांचा, हस्तकारागिरांचा, पिला हाऊसच्या नाटक-तमाशाचा असा इथला मोठा इतिहास आहे. बाहेरच्या जगाला मात्र एकच गोष्ट ठाऊक. धंदा करणारी बाई खोलीतल्या खाटेचे भाडे घरवालीला देते. तिला पावती नसते, करार नसतो. इमारत पाडली जाईल तेव्हा मालकाला मोबदला मिळेल, भाडेकरूला घर मिळेल, आणि वीस वर्षे त्या खाटेचे भाडे भरणारी बाई पिशवी घेऊन भिवंडीकडे नाहीतर घाटकोपरकडे निघेल. तिची कोणत्याही यादीत नोंद नाही, म्हणून ती विस्थापितसुद्धा ठरत नाही.

इथे एक खबरदारी हवी. या बाईचे नाव सरसकट फॉर्मवर लिहिणे धोक्याचेही आहे. अशी यादी पोलिसांच्या हाती पडली, गावी कळली, तर काय होईल हे सांगायला नको. पण यावरही मार्ग निघतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, देहविक्रय करणाऱ्या बायकांना एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावे आणि त्यावर त्यांच्या व्यवसायाची कोणतीही खूण नसावी. म्हणजे बाई मोजायची, पण उघडी पाडायची नाही, हे जमते. सरकारी यंत्रणेला जे करायला सांगितले गेले, ते विद्यापीठाला अवघड का वाटावे?

काही मैत्रिणी म्हणतील, एवढे सगळे असेल तर या संस्थांना दारातच उभे करू नये. मला हे पटत नाही. आपल्या चळवळीला विद्यापीठाची गरज आहे. १९७४ मध्ये नीराबेन देसाईंच्या पुढाकाराने श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्रियांच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. तेव्हापासून कितीतरी प्रश्नांवर आपल्याला आकडे, युक्तिवाद आणि सोबत तिथून मिळाली. प्रीती पाटकर यांच्यासारख्या समाजकार्याच्या विद्यार्थिनीने कामाठीपुऱ्यात १९८६ मध्ये 'प्रेरणा'चे काम सुरू केले, आणि आई कामावर असताना मुलांना रात्री सुरक्षित जागा मिळाली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांचे पुस्तक २००४ मध्ये काढले, म्हणून आज त्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकता येते. शिवाय एक व्यवहारी गोष्ट आहे. मंत्रालयात आपली बाई बोलली तर ती 'तक्रार' होते, तेच विद्यापीठाच्या शिक्क्याने गेले तर 'निष्कर्ष' होतो. हा अन्याय आहे. पण तो शिक्का आपल्या बाजूने उमटवून घेणे आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप संस्थांकडून येतो. 'आमचे काम अभ्यासाचे, हक्क मिळवून देणे संघटनांचे. विद्यार्थ्यांना एक सत्र मिळते, अनुदान वर्षभराचे असते, आम्ही किती पुरे पडणार?' अडचण खरी आहे. पण मी वर जे मागितले, त्यात संघटनेचे काम संस्थेवर ढकललेले नाही. अभ्यास नीट करा, एवढेच म्हटले आहे. जो अभ्यास वस्तीतल्या निम्म्या माणसांचे काम आणि राहणे नोंदवत नाही, तो अभ्यास म्हणूनच कच्चा आहे. त्याला सत्राची मुदत कारण होऊ शकत नाही.

म्हणून मला वाटते, यापुढे कोणतीही संस्था वस्तीत आली की महिला मंडळांनी आणि संघटनांनी चहापाण्याआधी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात.

पहिली, फॉर्म छापण्याआधी तो वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत वाचला जावा. 'कुटुंबप्रमुख' हा रकाना काढून खोलीत राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचे नाव, ती किती वर्षे राहते आणि कोणते काम करते, मिळकतीचे आणि बिनपैशाचेही, अशी नोंद व्हावी. बैठक चाळ समितीची नको, कारण तिथे बाई बोलत नाही, मागे बसते. दुपारी, बायकांच्या सवडीने आणि बायकांचीच हवी.

दुसरी, भरलेल्या फॉर्मची प्रत ज्या घरचा तो फॉर्म त्या घरी, आणि खोलीतल्या बाईच्या हातात, तारीख-शिक्क्यासह मिळावी. जिथे नाव उघड होणे धोक्याचे, तिथे नाव न लिहिता नोंद कशी ठेवायची हे त्या बायकांना विचारून ठरावे. अहवाल मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, जी भाषा वस्तीत चालते तीत निघावा आणि चौकात मोठ्याने वाचला जावा. चूक असेल ती तिथेच दुरुस्त व्हावी.

तिसरी, पाहणीचा पैसा कोण देते हे पहिल्याच दिवशी सांगावे. विकासकाचा सल्लागार म्हणून मानधन घेणारी संस्था त्याच वस्तीत तटस्थ अभ्यासक म्हणून येऊ शकत नाही.

चौथी, ज्या बायका विद्यार्थ्यांना दारोदार नेतात, ओळख करून देतात, भांडण मिटवतात, त्यांना त्या दिवसांची मजुरी मिळावी आणि अहवालात त्यांच्या संमतीने नाव यावे. वस्तीचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते फुकट घ्यायची सवय मोडली पाहिजे.

पाचवी, संस्थेने संक्रमण शिबिराच्या काळातही यावे. वस्ती उठते तेव्हा अभ्यास संपतो आणि बाईचे हाल तिथून सुरू होतात. गिऱ्हाईक तुटते, डब्यांचे काम बंद पडते, मुलीची शाळा सुटते, शेजार जातो. कोण परत आले आणि कोण आले नाही, ही मोजणी जोवर कोणी करत नाही तोवर पुनरुज्जीवन झाले असे म्हणू नये.

यातली एक मागणी थेट शासनाकडेही नेली पाहिजे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात झोपडीधारकाच्या करारावर पती आणि पत्नी दोघांचीही नावे असावी लागतात. हे मिळवायला बायकांना पुष्कळ भांडावे लागले आहे. जुन्या चाळींच्या आणि उपकरप्राप्त इमारतींच्या प्रत्येक योजनेत हाच दंडक कागदावर आणि प्रत्यक्षात पाळला जावा. आणि नवरा नसलेली, सोडून दिलेली, दिराच्या पावतीवर जगणारी बाई 'पत्नी' या शब्दात बसत नाही. तिच्यासाठी प्रत्यक्ष राहण्याची नोंद हाच आधार असावा. १९९४ मध्ये राज्याने पहिले महिला धोरण आणले, तेव्हा मालमत्तेत बाईचा वाटा हा शब्द सरकारी कागदावर आला. तीस वर्षांनंतर तो शब्द चाळीच्या यादीपर्यंत पोहोचायला हरकत नसावी.

वस्तीचा इतिहास कशात असतो, हेही या निमित्ताने बोलले पाहिजे. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. त्याचा आनंद आहे. पण ज्या खोल्यांमधून गिरण्यांचे डबे निघाले, ज्या जिन्यांखाली बायकांनी भिशी चालवली, ज्या गॅलरीत संपाच्या वर्षी एकीच्या घरचे पीठ दुसरीच्या घरी गेले, तो वारसा कोणाच्या यादीत आहे? तो जतन करण्यासाठी इमारत राखलीच पाहिजे असे नाही, ती बाई तिथे राहिली पाहिजे. नव्या मजल्यावर, नळ आणि संडास घरात असलेल्या खोलीत, दारावर स्वतःच्या नावाच्या पाटीसह.

पुढच्या सत्रात विद्यार्थी पुन्हा येतील. चांगली, कळकळीची मुले-मुली असतात ती. त्यांना परत पाठवू नका, आत बोलवा. फक्त फॉर्म आधी आपण हातात घ्यायचा आणि पहिला रकाना वाचायचा. पेन पुढे करण्याआधी तो रकाना बदलून घ्यायचा.